उजूचा कान

जीप चढावर दम खात वर आली तेव्हा मी गोठ्यामागच्या माळावर शेणी थापत होते आणि उजू माझ्या पाठीला टेकून बसली होती. तिचं अंग इतकं तापलं होतं, की तिच्या झग्यातून माझ्या पाठीला चटका बसत होता.

"ताई, गाडी आली," ती म्हणाली.

"दिसली मला."

"मामा आला असंल?"

"मामाकडं कुठली गाडी? तू हलू नको. मान दुखंल."

निर्मळधामच्या फाटकातून गाडी आत येणं ही मोठी गोष्ट होती. भक्त यायचे ते खालच्या वाडीपासून चालत. आम्हा मुलांना फाटकापाशी जायचीही बंदी होती. मी हात शेणाचे तसेच ठेवले आणि बघत राहिले.

शहाण्णव साल होतं. मी बारा वर्षांची, उजू सहा. आम्हाला तिथं येऊन चौदा महिने झाले होते. त्याआधी आम्ही विट्यात राहायचो. वडील पॉवरलूमवर जॉबर होते. एका सकाळी बंद पडलेला माग दुरुस्त करायला गेले, विजेचा धक्का बसला आणि तिथंच संपले. आईनं त्यानंतर दोन महिने डोळ्याला डोळा लावला नाही. भिंतीला पाठ लावून बसायची, आणि आम्ही उठलो की तशीच दिसायची. शेजारच्या एका बाईनं तिला माईंच्या भजनाला नेलं. पहिल्यांदा एक गुरुवार, मग दर गुरुवारी, मग एक दिवस भांडीकुंडी मामाकडे टाकून आम्ही तिघी डोंगरावर. विलासमामा एसटी स्टँडपर्यंत मागे आला होता. "शालन, पोरींना तरी ठेव माझ्याकडं," असं त्यानं तीनतीनदा सांगितलं. आई खिडकीतून समोर बघत राहिली.

पहिल्याच दिवशी आम्हाला माईंच्या ओटीत घातलं. माई म्हणजे साठीच्या, गोऱ्या, मऊ हातांच्या बाई. आवाज इतका हळू, की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. त्यांनी आमच्या डोक्यावर हात ठेवून आईला विचारलं, "ही लेकरं कुणाची?" आई म्हणाली, "तुमची, माई." तीनदा विचारलं, तीनदा आईनं सांगितलं. झालं. त्या दिवसापासून आई आम्हाला आई राहिली नाही. धाममध्ये कुणी कुणाचं नसायचं, सगळे माईंचे. मुलं बालकुटीत निजायची, मोठी माणसं सेवाघरात. आईला गोठा दिला होता आणि आम्ही तिला शालनताई म्हणायचं, अहोजाहो करायचं. उजू एकदा पडली आणि "आई गं" म्हणून रडली, तर तिला संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसवलं. पडल्यावर काय म्हणायचं हेसुद्धा तिला नव्यानं शिकावं लागलं.

शाळा नव्हती. बाहेरची विद्या म्हणजे अहंकार, असं आप्पा सांगायचे. आप्पा तिथले व्यवस्थापक. आधी कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. नुसते हसून बघायचे आणि समोरचं माणूस गप्प व्हायचं. मी पाचवीपर्यंत वर्गात पहिली असायची. तिथं मी शेणी मोजायची, वातींचे जुडगे मोजायची, आणि सतराचा पाढा विसरू नये म्हणून मनात म्हणायची.

उजूचा कान दुखायला लागून तेव्हा दहा दिवस झाले होते. आधी नुसती कळ होती, मग पिवळं पाणी यायला लागलं, मग पाणी थांबलं. मला वाटलं बरं झालं. पण पाणी थांबलं आणि ताप चढला, कानामागं लिंबाएवढी सूज आली आणि कान पुढं ढकलल्यासारखा उभा राहिला. आप्पांनी अंगारा लावला, माईंचं तीर्थ पाजलं. मी नळावर आईला गाठलं.

"शालनताई, उजूचा कान बघा ना."

तिनं बघितला. कळशी खाली ठेवली, ओल्या बोटांनी त्या सुजेला हात लावला. उजू कळवळली.

"आप्पांना सांगते," आई म्हणाली आणि कळशी उचलून गेली.

आप्पांनी पुन्हा अंगारा लावला.

तर ती जीप. तिच्यातून एक जाडजूड बाई उतरली. पांढरी साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, काखेत लांबोडकी वही. मागून ड्रायव्हरनं औषधांची पेटी उतरवली. बाईनं आप्पांना नमस्कार केला, पण थांबली नाही. बोलत बोलतच आत शिरली.

"मी तांबोळी सिस्टर, सरकारी दवाखान्यातून. खालच्या वाडीत गोवराची साथ आहे, दोन पोरं दगावलीत. या भागातलं प्रत्येक मूल तपासायचं आहे. तुमच्याकडं किती आहेत?"

"आमची मुलं माईंच्या छायेत आहेत, सिस्टर," आप्पा हसून म्हणाले.

"असू देत की. छायेतनं बाहेर काढून एकदा उजेडात दाखवा, मी जाते."

मला ती बाई तिथल्या तिथं आवडली. चौदा महिन्यांत आप्पांना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आम्हा एकोणीस मुलांना सभामंडपासमोर रांगेत उभं केलं. सिस्टर एकेकाचं तोंड उघडून बघायची, पापणी खाली ओढायची, नाव विचारायची आणि वहीत लिहायची.

"आईचं नाव?"

"माई," पहिला मुलगा म्हणाला.

"तुझ्या?"

"माई."

चौथ्या मुलाला सिस्टरनं पेन थांबवून विचारलं, "सगळ्यांची आई एकच?" आणि आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान डोलावली. सिस्टर त्या रकान्यात नुसती रेघ ओढत गेली.

आमची पाळी आली. सिस्टरनं उजूच्या हनुवटीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग गुडघ्यावर बसली. एवढी जाड बाई, पण पटकन बसली. कानामागं बघितलं, मान हळूच वाकवून बघितली. उजू किंचाळली.

"हे कधीपासून?"

"दहा दिवस," मी म्हणाले. "आधी पाणी येत होतं. चार दिवस झाले, थांबलंय. कालपासून उलट्या पण होतात."

मुलांनी विचारल्याशिवाय बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

सिस्टर उठली. आता तिचा आवाज बदलला होता. "आप्पा, पू कानामागच्या हाडात गेलाय. मेंदूत उतरला तर पोरगी हातची जाईल. आजच्या आज मिरजेला हलवायला पाहिजे. मी नेते गाडीतनं."

"तिच्यावर माईंचे उपचार चालू आहेत."

"काय उपचार?"

"तीर्थ आणि अंगारा."

सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी तुमच्या देवाला नावं ठेवत नाही. मीही रोज नमाज पढते. पण हा पू आहे, तो कापूनच काढायला लागतो."

"सिस्टर," आप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "पालकांची इच्छा नसताना तुम्ही मूल नेऊ शकत नाही. बरोबर ना? मी सरकारी नोकरी केलेला माणूस आहे."

सिस्टर म्हणाली, "आईबापानं लिहून दिलं, सही केली, तर नाही नेता येत."

"मग झालं तर."

"पण आईबाप कोण? आत्ता तर सगळ्यांची आई माई म्हणालात. बोलवा त्यांना. या पोरीला दवाखान्यात नेऊ देत नाही म्हणून माईंनी माझ्या वहीत सही करू दे. मी खाली मान घालून जाते."

आप्पांनी तिच्या वहीकडे बघितलं. माईंचं नाव सरकारी वहीत, तेही असल्या गोष्टीखाली, हे त्यांना नको होतं, एवढं मलाही समजलं. आणि माझ्या तोंडातून शब्द निघून गेले.

"आमची आई गोठ्यात आहे. शालन नाव आहे तिचं."

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता आप्पा चिडतील. पण त्यांचा चेहरा उलट खुलला. "छान," ते म्हणाले. "शालनताईंना बोलवा. त्याच लिहून देतील."

त्यांनी स्वतः सिस्टरकडून कोरा कागद मागून घेतला आणि पायरीवर बसून सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिला. माझ्या मुलीस दवाखान्यात नेण्यास माझी संमती नाही, होणाऱ्या परिणामास मी स्वतः जबाबदार राहीन. खाली सहीसाठी जागा सोडली.

आई आली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले. तिनं आधी आप्पांकडे बघितलं, मग सिस्टरकडे. आमच्याकडे बघितलंच नाही. उजूला मात्र राहवलं नाही. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि "आई" म्हणाली.

"बाई, ही पोरगी तुमची ना?" सिस्टरनं विचारलं. "हिची तब्येत फार वाईट आहे. मी हिला दवाखान्यात नेणार आहे. तुम्ही आई असाल आणि नको म्हणालात, तर मला हिला इथं सोडून जावं लागेल. मग ही दोनचार दिवस काढते का नाही, सांगता येत नाही. नीट विचार करून बोला."

आप्पांनी कागद पुढं केला. "शालनताई, इथं सही करा. माईंचीही तीच इच्छा आहे."

आईनं कागदाकडे बघितलं. हात पदराला पुसायला लागली. पुसत राहिली, पुसत राहिली. मला वाटलं, आता पेन घेणार. मी उजूला घट्ट धरलं.

"ही माझी नाही," आई म्हणाली.

"शालनताई," आप्पा हसले, "सांगा, सांगा. घाबरू नका. सिस्टरना माहीत आहे."

"माझ्या नाहीत या. माईंच्या ओटीत घातल्या, त्याच दिवशी संपलं. आप्पा, मी कशी सही करू? मी त्यांची कुणी नाही."

एवढंच बोलली. आवाज रोजच्यासारखा होता, म्हशीला पाणी दाखवताना असायचा तसा. आप्पा कागद हातात धरून उभे राहिले. सिस्टरनं आईकडे एकदा रोखून बघितलं आणि वही फाडकन मिटली.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? मग ही पोरगी बिनआईबापाची. असल्या पोरांना दवाखान्यात न्यायला मला कुणाची सही लागत नाही." तिनं उजूला उचलून खांद्यावर घेतलं आणि मला विचारलं, "तू कोण हिची?"

"बहीण."

"चल मग."

"मुली," आप्पा मला म्हणाले, "या फाटकातून एकदा बाहेर गेलीस, की परत आत घेतलं जाणार नाही. तुला माईंची शपथ आहे. विचार कर."

मी विचार केला नाही. आजपर्यंत मला त्याचा पस्तावा झालेला नाही. मी हौदात हात बुडवून शेण धुतलं आणि जीपकडे चालायला लागले. आईच्या बाजूनं गेले तेव्हा जवळ जाऊन तिला म्हणाले, "तू मेलीस आम्हाला." बारा वर्षांच्या पोरीला जेवढं जोरात बोलता येतं तेवढ्या जोरात म्हणाले. तिनं बादली उचलली आणि गोठ्याकडे गेली. जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही.

मिरजेला त्याच दिवशी उजूचं ऑपरेशन झालं. अजून एक दिवस गेला असता तर पोरगी हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. डावा कान कायमचा गेला, उजू राहिली. तांबोळी सिस्टरनं मी सांगितलेल्या मामाच्या पलूसच्या पत्त्यावर तार केली. विलासमामा दुसऱ्या दिवशी आला तो सायकलच्या दुकानातले काळे हात घेऊनच. उजूच्या पट्टीला हात लावायची त्याची हिंमत होईना. नंतर तो दोनदा धामवर आईला आणायला गेला. दोन्ही वेळा फाटकावरून, "शालनताईंचं मौन आहे," एवढं उत्तर घेऊन परत आला.

आम्ही मामाकडेच वाढलो. सुमनमामीनं आमच्यात आणि तिच्या पोरांत कधी फरक केला नाही. मी बारावी झाले, एसटीत वाहक म्हणून लागले. पलूस आगारात पहिल्या दोन बायकांत मी एक होते. गर्दीत दारूडा कसा उतरवायचा, सुट्ट्यावरून भांडणाऱ्याला कसं गप्प करायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आई कुठं असते, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगायची, वारली. उजूलाही मी तेच शिकवलं होतं.

चौदा वर्षांनी माई गेल्या. धामच्या जमिनीवरून शिष्यांची भांडणं झाली, माणसं पांगली. एका दुपारी मी ड्युटीवरून आले तर ओट्यावर एक बाई बसलेली. केस पिकलेले, हाताची बोटं दूध काढून काढून वाकडी झालेली, मांडीवर कापडी पिशवी. मामी दारात उभी होती आणि उजू आत ओट्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती.

मी गणवेश न बदलताच तिच्यासमोर बसले. मला भांडायचं होतं. चौदा वर्षं भांडण तयार होतं.

"त्या दिवशी तू आम्हाला नाही म्हणालीस."

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर. उजू मरायला टेकली होती. तुझ्याकडं हात केले होते तिनं."

"बघितलं मी."

"मग?"

आईनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "हो म्हटलं असतं तर त्या कागदावर सही करायला लागली असती."

"करायची नाही! फाडून टाकायचा कागद."

"केलीच असती, वनिता." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला नाही कळायचं. आप्पा पुढं उभे, माईंची इच्छा आहे म्हणालेले. त्या वेळी मला कुणी विहिरीत उतर म्हटलं असतं तरी उतरले असते. मला माझी खात्री नव्हती. पेन हातात घेतलं असतं तर सही झाली असती आणि पोरगी गेली असती. ती नर्सबाई म्हणाली ना, आई असशील आणि नको म्हणशील तर सोडून जाईन. मग मी आईच नव्हे म्हटलं. मी नसले म्हणजे नको म्हणायला कुणी राहिलंच नाही."

त्या सभामंडपासमोरचा एकेक शब्द मला पाठ होता. चौदा वर्षांत मी तो हजार वेळा मनात ऐकला होता. सिस्टरनं वही मिटायच्या आधी आईकडे रोखून का बघितलं होतं, ते मला त्या ओट्यावर कळलं. सिस्टरला तिथल्या तिथं कळलं होतं.

उजू आतून उठून आली होती. उजवा कान आमच्याकडे करून चौकटीला टेकून उभी होती.

"मग मागनं का आली नाहीस?" मी विचारलं. आवाज खाली आला होता, पण विचारायचं सोडणार नव्हते. "मामा दोनदा आला होता. तुला कोंडून ठेवलं होतं का?"

खरं सांगायचं तर, आता ती हो म्हणेल, असं मला वाटलं. तिनं हो म्हणावं असंही वाटलं. मग सगळंच सोपं झालं असतं.

"नाही," आई म्हणाली. "फाटक उघडंच असायचं. मामा आला ते दोन्ही वेळा कळलं होतं मला. मौनबिन काही नव्हतं. मीच सांगितलं तसं सांगायला."

"का?"

"मला तिथं झोप लागायची." ती पुढं म्हणाली, "खोटं कशाला सांगू? तुमची आठवण यायची, पण यावंसं वाटायचं नाही. पोरी सुटल्या, नीट आहेत, एवढं मनाशी धरलं आणि गाई बघत राहिले."

मामीनं तोंडाला पदर लावला. उजू आईजवळ येऊन बसली, कानावरचे केस बाजूला करून कानामागचा ऑपरेशनचा व्रण तिला दाखवला. आईनं त्याला हात लावला नाही. नुसता वाकून बघितला, बराच वेळ.

"राहायला आलीयस?" मी विचारलं.

"राहू दिलंस तर."

"राहा."

तिनं मान हलवली आणि पिशवी उघडली. दोन लुगडी, एक तांब्या, आणि काच तडकलेला माईंचा फोटो. तो तिनं दोन्ही हातांत धरला आणि भिंतीकडे बघितलं, कुठं लावावा म्हणून. उजू माझ्याकडे बघायला लागली. मामीही.

"तो पिशवीतच राहील," मी म्हणाले. "या घरात भिंतीवर लागणार नाही. आज नाही, कधीच नाही. आणि उद्या माझी किंवा उजूची पोरं झाली तर त्यांच्या कानावर यातलं एक अक्षर पडता कामा नये. हे जमणार असेल तर राहा."

आईला विचार करायला वेळ लागला. मी तो दिला. रस्त्यावरून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले, त्यांचा आवाज पुरता विरला.

"बरं," ती म्हणाली आणि फोटो लुगड्यात गुंडाळून परत पिशवीत ठेवला.

ती आमच्याकडे अकरा वर्षं राहिली. शब्द तिनं पाळला. उजूचं लग्न तिच्यासमोर झालं, माझंही. माझ्या मुलाला तिनं सांभाळलं, त्याला गाईम्हशींच्या गोष्टी सांगितल्या, बाकी काही नाही. रोज सकाळी मात्र आम्ही उठायच्या आधी ती मागच्या दारी जाऊन बसायची, पिशवी मांडीवर घ्यायची, वरून दोन्ही हात ठेवायची आणि डोळे मिटायची. पिशवी उघडायची कधीच नाही. मला स्वयंपाकघरातून दिसायचं. मी स्टोव्ह पेटवायची, आधण ठेवायची, आणि तिचं होईपर्यंत कपबशीचा आवाज होऊ द्यायची नाही.